बरकटोपच्या राणूचा

“यातलं खरं कोणतं?” जगदाळे साहेबांनी विचारलं.

आमच्या बाहेरच्या खोलीतल्या टीपॉयवर त्यांनी तीन कागद शेजारी शेजारी मांडले होते. पहिला माझा दहावीचा दाखला. त्यावर आडनाव बरकटोपे. दुसरा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर बरकथोप. तिसरा आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा, साल १९३१, गाव कोळेघर, तालुका पाटण. त्यावर कुणा गुरुजींनी गोल, नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, सखाराम राणू ब्रॅकथॉर्प. आणि त्याच ओळीत जातीच्या रकान्यात फक्त एक आडवी रेघ.

“तिन्ही आमचीच,” अण्णा म्हणाले.

“ते दिसतंय. पण तिसरं इंग्रजाचं नाव आहे.”

आत आई चहा करत होती, तिचा कपबशांचा आवाज थांबला.

ही १९९९ सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. मी अठरा वर्षांची होते. मला मेडिकलला राखीव जागेवर प्रवेश मिळाला होता, पण कच्चा. जातीचं प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून तपासून आलं नाही, तर प्रवेश रद्द होणार होता. समितीच्या दक्षता पथकातले पोलीस इन्स्पेक्टर जगदाळे त्यासाठीच कराडला आमच्या घरी आले होते. माणूस शांत होता, आवाज चढवत नव्हता, आणि त्यामुळेच मला त्यांची जास्त भीती वाटत होती.

“बरकटोपे साहेब,” ते म्हणाले, “मला दोनच गोष्टी कळायला हव्यात. तुमचे वडील किंवा आजोबा ख्रिस्ती झाले होते का? झाले असतील तर सवलत लागू होत नाही. झाले नसतील, तर महाराच्या घरात हे नाव आलं कुठून? आणि जातीपुढं ही रेघ का?”

“ख्रिस्ती कुणी झालं नाही. छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो. त्याआधी महार.”

“मग नाव?”

अण्णा पोस्टमन होते. पंचवीस वर्षं लोकांची नावं वाचण्यात गेलेला माणूस. ते त्या तिसऱ्या कागदाकडं बघत राहिले आणि मग जे बोलले, ते मला आजही ऐकू येतं.

“साहेब, आमचं राहू द्या. मुलीचा अर्ज मागं घेतो. तिला बी.एस्सी.ला घालतो.”

जगदाळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला तर काय ऐकलं तेच कळेना. माझ्या निकालाच्या दिवशी याच माणसानं सायकलवरून पत्रं वाटता वाटता अख्ख्या शनिवार पेठेत पेढे वाटले होते.

“अर्ज मागं घ्यायची घाई करू नका,” जगदाळे म्हणाले. “पण एक सांगतो. माणूस असं म्हणतो तेव्हा आमचा संशय वाढतो, कमी होत नाही. पंधरा दिवस देतो.”

ते गेल्यावर मी अण्णांना विचारलं. एकदा, दोनदा, तीनदा. ते म्हणाले, “उत्पला, काही गोष्टी उकरायच्या नसतात.” आईला विचारलं तर ती म्हणाली, तिला लग्नात फक्त एवढंच सांगितलं होतं की नाव जुन्या काळापासून असंच आहे.

मी कॉलेजात आमच्या इंग्रजीच्या वैशंपायन सरांकडं गेले. दुसरं कुणाकडं जावं ते सुचेना. सरांना असल्या गोष्टींची आवड होती. त्यांनी ग्रंथालयातून इंग्रजी आडनावांचा एक जाड कोश काढला आणि बराच वेळ बोट फिरवत बसले.

“सापडलं,” ते म्हणाले. “दोनच ओळी आहेत. फार दुर्मीळ आडनाव. ब्रॅकन म्हणजे नेचे, आपल्या घाटात ओलीला उगवतात ते. आणि थॉर्प म्हणजे वाडी. इंग्लंडच्या उत्तरेला या नावाची एक वस्ती होती. कधीतरी साथीत ओस पडली. तिथून बाहेर पडलेल्यांना लोक त्या वाडीच्या नावानं ओळखायला लागले.”

“म्हणजे?”

“म्हणजे तू नेचेवाडीकर.” ते हसले. माझा चेहरा बघून थांबले. “यात हसण्यासारखं काही नाही का?”

मी त्यांना सगळं सांगितलं. मग त्यांनी दोन दिवस घेतले. जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर, साहेब लोकांच्या याद्या, मिशनऱ्यांचे अहवाल, जे हाती लागलं ते चाळलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “या नावाचा कलेक्टर नाही, इंजिनिअर नाही, पाद्री नाही, शिपाईसुद्धा नाही. मला सापडले तेवढ्या कागदांत या नावाचा एकही माणूस आपल्या जिल्ह्यात आलेला नाही.”

मला वाटलं होतं, सर एखादा साहेब शोधून देतील, त्याच्याकडं आजोबांचे वडील घोडे राखत असतील, आणि हिशोब लागेल. आता नाव होतं, पण नावाचा माणूस नव्हता.

हे मी रात्रीच्या जेवणात अण्णांना सांगितलं. त्यांचा हात ताटातच थांबला. मग ते उठले, हात धुतला आणि मला घेऊन गच्चीवर गेले.

“याद्यांत नसेल,” ते म्हणाले. “पण होता.”

“कोण?”

“मला पोस्टात नोकरी लागली तेव्हा बाबांनी, तुझ्या आजोबांनी, सांगितलं. एकदाच सांगितलं. म्हणाले, नोकरीत कुणी नावावरून विचारलं तर गप्प राहा. आणि म्हणाले, राणू माझा बाप नव्हता. ती घाटातल्या साहेबाकडं जायची.”

“ती कोण?”

“सोनी.”

मला कळायला वेळ लागला. सोनी म्हणजे आजोबांची आई, अण्णांची आजी, माझी पणजी. आमच्या घरात तिचा फोटो नव्हता, तिच्या नावाचा उच्चार नव्हता. मी ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

“म्हणून रेघ आहे,” अण्णा म्हणाले. “गुरुजीला जात कोणती लिहावी ते कळलं नसेल. आणि हे बघ.” त्यांनी स्वतःच्या डोळ्यांकडं बोट केलं. अण्णांचे डोळे घारे होते. आजोबांचेही होते, असं सगळे सांगत. “हे सगळं त्या जगदाळ्यानं सरकारी कागदावर लिहायचं? म्हातारी मरून चाळीस वर्षं झाली. आणि लिहून तरी तुझी जागा राहील का?”

मी कुणाची होते, ते मला कळत नव्हतं. नेचेवाडीची, कोळेघरची, की कुठल्याच यादीत नसलेल्या एका माणसाची. आणि राग कुणाचा करावा तेही कळत नव्हतं. अण्णा अंथरुणावर पडले तरी मी तिथंच कठड्याला टेकून उभी होते.

या सगळ्यातलं विचारण्यासारखं एकच माणूस जिवंत होतं. आजोबांची थोरली बहीण, ठकूबाई. अण्णा तिला आत्ती म्हणायचे, मी आत्याआजी. वय ब्याऐंशी. लवकर विधवा होऊन ती माहेरी परत आली होती आणि कोळेघरात एका खोलीच्या घरात राहायची. जगदाळे तिच्याकडंही जाऊन आले होते. तिनं त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, मला काय आठवत नाही.

मी अण्णांना न सांगता पाटणची एस.टी. धरली. पाटणहून कोळेघर जीपनं.

आत्याआजी दारात बसून वाल सोलत होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, पण बोटं भराभर चालत होती. मी आवाज दिला तेव्हा म्हणाली, “एकलीच आलीस? तुजा बाप कुटाय?”

“कामावर.”

“त्यो पोलीस आलता. तुज्या कालिजाचं काम हाय म्हणं.”

“तू त्यांना काही सांगितलं नाहीस.”

“काय सांगायचं? मेलेल्या मानसांचं इचारत व्हता.”

मी इकडचं तिकडचं बोलायचं ठरवून आले होते. वाटेत शंभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. मी तिच्यासमोर बसले आणि सरळ विचारलं, “आत्याआजी, तुझी आई साहेबाकडं जायची का?”

तिची बोटं थांबली. हातातली शेंग तशीच राहिली.

“कोन म्हनतं?”

“अण्णा.”

“मारुती म्हनतो?” अण्णांचं नाव मारुती. “त्येला कुनी सांगितलं?”

“आजोबांनी.”

मग तिनं वालाचं सूप बाजूला सारलं.

“मला वाटलं, त्ये सख्यासंगं गेलं,” ती म्हणाली. “पोराच्या कानात घालून गेला व्हय.”

मग तिनं सांगितलं. मध्ये मध्ये थांबत सांगितलं, आणि मी बरेच वेळा चुकीचं समजत गेले.

“माजा बा रस्त्यावर व्हता. घाटाचा रस्ता चालला व्हता तवा. खडी दाबायला इंजन व्हतं, वाफंवर चालनारं. म्होरं ह्ये एवढं लोखंडाचं चाक. त्येच्या म्होरं बा चालायचा, लाल निशान घिऊन. इंजन येतंय, बाजूला व्हा, आसं लोकांस्नी कळाया.”

“आणि साहेब?”

“साहेब कुटला गं? तुला काय सांगतीया मी. बरकटोप म्हंजी त्ये इंजन.”

मी तिच्याकडं बघत राहिले.

“त्येच्या कपाळाला पितळंची अक्षरं व्हती. डायवरला वाचता येत हुतं. त्यो म्हनायचा, ह्येचं नाव आसं आसं. मग समदी गँग म्हनायची, बरकटोप तापला, बरकटोपला पानी दावा. बाला लोक म्हनायचं, बरकटोपचा राणू.”

“मग ते नाव शाळेत कसं गेलं?”

“म्या घातलं.”

ती तेव्हा चौदा वर्षांची होती. बाप रस्त्यावर, आई दुसऱ्याच्या रानात. धाकट्या भावाला शाळेत घालायला तीच घेऊन गेली. गुरुजींनी पोराचं नाव विचारलं, बापाचं विचारलं, आणि मग आडनाव विचारलं.

“आमाला आडनाव कुटलं? आमच्या आळीतल्या पोरांच्या नावाम्होरं गुरुजी जातच लिवायचा. आन् पोरगं भाईर वट्ट्यावर बसायचं. माज्या चुलत्याचा शिवा दोन वरसं वट्ट्यावरच बसला. उन्हात बसून बसून त्येला घुळणा फुटायचा, नाकातनं रगात यायचं. म्हनून मी म्हनलं, बरकटोप.”

“पण तेच का?”

“मी बाला भाकरी घिऊन जायची.” ती जरा सरळ होऊन बसली. “एक डाव म्होरनं पाटलाची गाडी आली. बा निशान धरून रस्त्याच्या मदी उभा. तर पाटलानं बैल वढून गाडी खाली घेतली, रानात. बाच्या म्होरं. दुसऱ्या कशाच्या म्होरं त्यो बाजूला झाल्याला मी बगितला न्हाई. मला वाटलं, नाव आसंल तर ह्येच आसावं.”

गुरुजींनी तिला ते नाव पुन्हा म्हणायला लावलं. मग सखारामच्या डोळ्यांकडं पाहिलं. गुरुजी शहरातून आलेले, इंग्रजी शिकलेले होते. त्यांनी ते बरोबर करून लिहिलं, जातीपुढं रेघ ओढली आणि पोराला म्हणाले, आत बस.

“मला काय कळालं न्हाई,” आत्याआजी म्हणाली. “मला वाटलं, नावाचाच गुन. आट दिसांनी पानोठ्यावर बायका बोलाया लागल्या. राणूचं पोर साहेबाचं म्हनं. मी रडत आईकडं गेले. म्हनलं, मी गुरुजीस्नी जाऊन सांगती, त्ये इंजनाचं नाव हाय. आई म्हनली, सख्या कुटं बसतोय? मी म्हनलं, आत. म्हनली, मग गप ऱ्हा.”

“आणि पणजोबा?”

“बाला समदं ठावं व्हतं. त्योबी गप ऱ्हायला. पर दोन वरसांत त्यो तापानं गेला. बाप्या गेल्यावर लोकांच्या तोंडाला काय धरबंद ऱ्हातोय व्हय?”

“आजोबांना कुणीच सांगितलं नाही?”

“आई म्हनायची, सातवी हू दे. ल्हान पोराला सांगितलं तर त्यो शाळंत बोलनार. सातवी झाली. तवर पोरं चिडवून चिडवून त्यो आईसंगं बोलायचा थांबला व्हता. मग मीच सांगितलं. समदं सांगितलं, आत्ता तुला सांगितलं तसं.”

“मग?”

“म्हनला, आईला झाकाया सांगतीस.”

सोनी एकोणीसशे अठ्ठावन्न साली वारली. माझे आजोबा तेव्हा साताऱ्याला नोकरीला होते. निरोप गेला होता. ते आले नाहीत.

मला रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. डोक्यात नुसता गोंधळ होता. मी म्हटलं, “हे तू जगदाळे साहेबांना सांगशील?”

“मारुतीला आनशील तर सांगीन.”

अण्णा यायला तयार नव्हते. दोन दिवस मी त्यांच्याशी भांडले. शेवटी आई म्हणाली, तुम्ही जात नसाल तर मी जाते, तेव्हा उठले. जगदाळेही आले. आत्याआजीनं पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. जगदाळे लिहून घेत होते. अण्णा चौकटीला टेकून, पाठ अर्धी वळवून उभे होते. मला वाटत होतं, ऐकून त्यांना बरं वाटेल. तसं काही दिसत नव्हतं.

“घारे डोळे?” जगदाळ्यांनी विचारलं.

“आमच्या बाचं व्हतं. माजंबी हायती. बगा की.”

जगदाळे वाकले. मीही वाकले. मोतीबिंदूनं दोन्ही डोळ्यांवर दुधासारखी साय धरली होती. रंग काही कळत नव्हता.

“लिवा,” ती म्हणाली. “माज्या आईचं नाव लिवा. सोनी. ती कुना साहेबाकडं गेली न्हाई.”

अंगठा घेऊन झाल्यावर जगदाळे आम्हाला जीपपाशी म्हणाले, “मी तुम्हाला फसवणार नाही. घरच्या बाईनं घरासाठी सांगितलेली गोष्ट आहे. ती खरी असेल. पण समिती मला विचारेल, रोलरचं नाव आडनाव कसं होतं?”

“मलाही तेच वाटतं,” अण्णा म्हणाले.

मी त्यांच्याकडं वळून बघितलं. “अण्णा, ती खोटं बोलतेय?”

“तसं नाही म्हणत मी. बाबासुद्धा वेडे नव्हते, पोरी. त्यांनी हे ऐकलं होतंच की.”

खरं सांगायचं तर, मलाही क्षणभर तीच शंका आली. म्हातारी आईसाठी बोलत असेल, मी माझ्या जागेसाठी विश्वास ठेवत असेन.

जगदाळे जीपमध्ये बसता बसता थांबले. “साताऱ्याला बांधकाम खात्याचं जुनं गोदाम आहे. मागं भंगार पडलंय. त्यात एक-दोन जुने रोलर आहेत, मी नोकरीच्या सुरुवातीला पाहिलेत. कुणी नेले नसतील तर. सोमवारी येता?”

सोमवारी आम्ही गेलो. अण्णांनी रजा टाकली होती. चौकीदारानं कुलूप काढलं. मागच्या अंगणात घाणेरीची झुडपं माजली होती, त्यात डांबराचे पिंप, मोडके नांगरासारखे दिसणारे कसले तरी लोखंडी सांगाडे, आणि भिंतीला लागून दोन रोलर. पहिल्याला पाटीच नव्हती. कुणीतरी काढून विकली असणार. दुसऱ्याचं पुढचं चाक अर्धं मातीत रुतलेलं. त्याच्या उंच धुराड्याखाली, पुढच्या बाजूला, काळा थर बसलेली एक आडवी पट्टी होती.

जगदाळ्यांनी काठीनं वेल बाजूला केला. अण्णा पुढं झाले. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि पट्टी पुसायला लागले. नुसतं पुसून काही होईना, मग नखानं खरवडलं. आधी एक अक्षर दिसलं, मग तीन. अण्णा पाकिटावरचा पत्ता वाचतात तसे, ओठ हलवत, एक एक अक्षर वाचत गेले. शेवटच्या अक्षरापर्यंत गेले. मग पुन्हा पहिल्यापासून.

“ब्रॅकथॉर्प अँड सन्स,” जगदाळे त्यांच्या खांद्यावरून म्हणाले. 

चौकीदारानं विचारलं, काय सापडलं का. जगदाळ्यांनी डायरीतलं कोरं पान फाडलं, पट्टीवर धरलं आणि त्यावरून पेन्सिल आडवी घासली. अक्षरं कागदावर उमटली.

“यानं जात सिद्ध होत नाही,” ते म्हणाले. “नाव कुठून आलं ते होतं. बाकीचं त्या शिवाच्या नोंदीवर. तुमच्या आजोबांच्या, राणूच्या, सख्ख्या पुतण्याची नोंद त्याच रजिस्टरात आहे, दोन पानं आधी. जात महार, स्पष्ट. तुमच्या आत्याच्या जबाबानं दोन घरं जोडली जातात. आता तो जबाब मला खरा मानता येतो.”

ते चौकीदाराबरोबर वहीत सही करायला गेले. अण्णा रोलरच्या मोठ्या चाकाशी खाली बसले, विजार मातीत गेली तरी. मला वाटलं, त्यांना चक्कर आली.

“अण्णा, पाणी आणू?”

“मी तिला पाहिली होती,” ते म्हणाले.

“कुणाला?”

“सोनीला.” ते थांबले. “आजीला. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आम्ही सुट्टीत गावी गेलो होतो. ती आळीच्या टोकाला एकटी राहायची. बाबांनी बजावलं होतं, तिच्या हातचं काही घ्यायचं नाही. एक दिवस ती ओढ्यावर भेटली. पानाच्या द्रोणात करवंदं होती. म्हणाली, सख्याचा ना तू? घे.”

मी त्यांच्याशेजारी उकिडवी बसले.

“मी घेतली. आणि तिच्यासमोर ओढ्यात टाकली. बाबा खूश होतील म्हणून. ती वाहत चाललेली करवंदं बघत उभी राहिली. मग म्हणाली, शाळंत जातोस का? मी म्हटलं, जातो. म्हणाली, कुठं बसतोस?”

अण्णांनी रुमालानं तोंड पुसलं. रुमालाचा काळा डाग गालावर लागला.

“मला कळेना, ही असं काय विचारते. मी म्हटलं, बाकावर. तर ती हसली. मला वाटलं, वेडी आहे.”

मी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत मी त्यांचा हात असा कधी धरला नव्हता. जगदाळे दुरून येताना दिसले आणि थोडे अलीकडंच थांबले.

जानेवारीत वैधता प्रमाणपत्र आलं. माझी जागा राहिली. प्रमाणपत्रावर माझं नाव होतं, वडिलांचं होतं, जात होती, शिक्का होता. अण्णांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि मला विचारलं, “यात तिचं नाव कुठंच येत नाही का?” मी म्हटलं, नाही, अण्णा, अशा कागदात येत नसतं. त्यांनी मान हलवली.

त्याच रविवारी आम्ही कोळेघरला गेलो. अण्णांनी आत्याआजीला विचारलं, “आत्ती, तिला कुठं ठेवलं?”

आमच्यात तेव्हा पुरायचे. आत्याआजी काठी टेकत ओढ्यापलीकडं घेऊन गेली. तिथं एक लांबट पड जमीन होती, कुसळांचं गवत वाढलेलं. दगड नाही, खूण नाही.

“हितंच कुटंतरी,” ती म्हणाली. “तवा एक बोर व्हती. आता दिसंना झालंय.”

अण्णा चार पावलं पुढं गेले. “इथं का?”

तिनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. “आसंल.”

ते आणखी पुढं गेले. “का इथं?”

“तितंबी आसंल, बाबा. चाळीस वरसं झाली.”

अण्णा मधोमध उभे राहिले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग परत मागं आले, जमिनीच्या कडेला पायांतल्या चपला काढून ठेवल्या आणि त्या कुसळांतून अनवाणी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सगळी जमीन चालत गेले.